आईचं पूर्ण वाक्य

आई, यंदा तुझ्या पुण्यतिथीला आम्ही दोघं बहीणभाऊ भांडलो. समोरासमोर नाही. तसं भांडलो असतो तर निदान एकमेकांचे चेहरे तरी दिसले असते. आम्ही मोबाइलवर भांडलो, तेही लिहून. तू गेलीस तेव्हा हे एवढं नव्हतं. आता प्रत्येक घराचा मोबाइलवर एक ग्रुप असतो. सकाळी फुलांची चित्रं येतात, दुपारी गुडघेदुखीवरचे उपाय, आणि निवडणूक जवळ आली की दिवसभर राजकारण. आपल्याही घराचा आहे. मामा, काका, आत्याची मुलं, सुना, जावई, सगळे त्यात आहेत. कुठल्याशा लांबच्या देवळावरून टीव्हीवर पुन्हा तो बायकांचा आणि गाभाऱ्याचा वाद पेटला होता, त्याच आठवड्यात तुझी पुण्यतिथी आली. धाकट्यानं सकाळी तुझा फोटो टाकला. शाळेच्या निरोप समारंभातला, जांभळ्या काठाच्या साडीतला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मी गाभाऱ्यात जाणार नाही. ती माझी श्रद्धा आहे.’ भराभर अंगठे आले, जोडलेले हात आले. काकांनी लिहिलं, अशा माउल्या आता होणे नाही.

माझं डोकं फिरलं. मी बँकेत होते, समोर पेन्शनवाल्यांची रांग होती, तरी खुर्चीतून उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि तोच फोटो पुन्हा टाकला. खाली लिहिलं, ‘जी जाईल तिला मी अडवणार नाही. ती तिची श्रद्धा आहे.’ आता दुसऱ्या लोकांचे अंगठे आले. भाच्यांनी लाल बदाम टाकले. मग धाकट्यानं लिहिलं, “ताई, आईला तुमच्या चळवळीत ओढू नको.” मी लिहिलं, “आधी कुणी ओढलं?” त्यानं लिहिलं, “आईनं जे जन्मभर पाळलं त्याची तुम्हाला लाज वाटते.” त्यावर मी जे लिहिलं ते तुला सांगत नाही. थोड्या वेळानं पडद्यावर एक बारीक ओळ आली की तो ग्रुप सोडून गेला. काकांनी विचारलं, काय झालं? संध्याकाळी सगळ्यांनी तुझ्या फोटोला हार घातल्याचे फोटो टाकले, आपापल्या घरून.

आई, ते वाक्य तू बोललीस तेव्हा मी दहावीत होते आणि धाकटा सातवीत. आम्ही दोघंही पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलो होतो. दोघांनीही ते पूर्ण ऐकलं होतं. हे आठवलं आणि त्या दिवसापासून ते गावातलं घर माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

परतूरहून आष्टीकडे जाताना मध्ये उतरायचं, आणि मग बैलगाडीच्या वाटेनं चालत आत. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे बाभळीची सावली. बाबा सिंचन खात्यात, आठवडाभर कालव्यावर. तू शाळेत मराठी शिकवायचीस आणि मावशी गणित. तिला आम्ही मावशी कधीपासून म्हणायला लागलो ते आठवत नाही. नात्याची ती नव्हतीच. तिच्या आजोबांनी बाबासाहेबांच्या मागोमाग धम्म घेतलेला, तिच्या घरात बुद्धाची तसबीर. आपल्या घरात तुझं देव्हाऱ्यातलं सोवळं, सोमवारचा उपास, श्रावणातली शिवामूठ. पण रविवारी सकाळी ती दार न वाजवता आत यायची, पाट ओढायची आणि कांदा चिरायला घ्यायची. तू भाकरी थापत असायचीस. आणि मग सुरू व्हायचं.

“तुमच्या लोकांना ना, जुनं दिसलं की मोडावंच वाटतं,” तू म्हणायचीस.

“आन तुमच्या लोकांना जुनं हाय म्हणूनच चांगलं वाटतं. त्याला वास येऊन राह्यला तरी म्हणायचं, हा केवड्याचा हाय.”

मी आज डोळे मिटले तरी ती चूल दिसते. तव्यावर भाकरी फुगते आहे, तू पिठाचा हात हवेत नाचवत बोलते आहेस, मावशी कांद्यानं डोळे पुसत हसते आहे आणि मध्येच एकदम गंभीर होऊन म्हणते आहे, “न्हाई, हे तू बराबर बोललीस. हे मला मान्य हाय.” ते ‘मान्य हाय’ ऐकलं की तू जराशी बुचकळ्यात पडायचीस, कारण पुढचा मुद्दा तू तयारच केलेला नसायचा. राखीव जागा, श्राद्धाचा खर्च, दिल्लीतलं सरकार, मुलींच्या सायकली, काही सोडलं नाही तुम्ही. एकमेकींना ‘तुमचे लोक’ म्हणत, आवाज चढवत, शेंगदाण्याची चटणी एकाच ताटलीतून खात. मला तेव्हा वाटायचं, सगळ्या घरांत रविवारी असंच होत असेल.

त्यातल्या एका रविवारी तू मला बोललीस. मावशी आत होती आणि शेजारच्या काकूंनी मला अंगणात गाठून विचारलं, “काय गं, काय म्हणून राह्यली ती?” मला काकूंना खूश करायचं होतं. मी म्हणाले, “मावशी म्हणते देव-बिव काही नसतो, सगळी देवळं पाडून टाका.” काकूंनी गालावर हात मारून घेतले. तेवढ्यात तू दारात उभी. पिठाचे हात तसेच.

“असं म्हणली ती?”

मी काकूंकडे बघितलं.

“आत जा. तिला विचार, तू काय म्हणलीस. आणि ती सांगेल ते काकूंना येऊन सांग. शब्दाला शब्द.”

मी आत गेले. मावशीला रडत रडत विचारलं. ती आधी हसली, मग म्हणाली, “मी म्हणलं, देवळाच्या कळसाला जेवढा खर्चा करून राह्यलेत तेवढाच शाळेतल्या पोरींच्या संडासाला करा. बस, एवढंच.” मी बाहेर येऊन काकूंना तसंच सांगितलं. काकूंचा चेहरा पडला. “मंग त्यात काय एवढं?” म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की खरं वाक्य ऐकायला कुणी थांबत नाही. जेवताना तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “मला तिला हरवायचं तर तिच्यासमोर हरवीन. ती घरी गेल्यावर तिचं बोलणं वाकडं करून न्हाई.”

मग तो परिसंवाद आला. गणपतीत वाचनालयाची व्याख्यानं असायची, शाळेच्या मैदानात मांडव घालून. त्या वर्षी गावात महादेवाच्या गाभाऱ्यावरून कुजबुज चालू होती. बायकांनी आत जायचं नाही अशी रीत, आणि परतूरच्या काही शिकलेल्या बायका म्हणत होत्या, का नाही? गावात दोन तट पडले, देवळवाले आणि मोर्चावाले. वाचनालयानं तुला देवळवाल्यांच्या बाजूनं बोलायला ठेवलं आणि मावशीला मोर्चावाल्यांच्या. सगळ्यांना माहीत होतं की आमच्या शाळेचे मोठे सर त्या वर्षी निवृत्त होणार आणि ज्येष्ठ म्हणून त्यांच्या जागी तू येणार. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष देवळाचेही प्रमुख होते. ते मधल्या खुर्चीत बसले होते, गळ्यात उपरणं.

तू उठलीस. तुझा पदर त्या लाउडस्पीकरच्या वायरीत अडकला होता, तो मावशीनं खालून सोडवला. तू शंकराविषयी बोललीस, तुझ्या आजीविषयी बोललीस, उंबऱ्याबाहेर उभं राहून हात जोडण्यात काय वाटतं ते बोललीस. आणि शेवटी म्हणालीस, “मी गाभाऱ्यात जाणार नाही. ती माझी श्रद्धा आहे. जी जाईल तिला मी अडवणार नाही. ती तिची श्रद्धा आहे.” आणि बसलीस. टाळ्या कुणी वाजवायच्या तेच कुणाला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाबाहेरच्या फळ्यावर, जिथं रोज सुविचार लिहायचे तिथं, रंगीत खडूनं तुझं वाक्य होतं. पहिला अर्धा. खाली ‘आपल्या बाईंचे विचार’. तू दूध घेऊन येत होतीस, मी तुझ्याबरोबर होते. तू थांबलीस, दुधाची किटली माझ्या हातात दिलीस, फळ्याखालचा खडू उचललास आणि उरलेलं वाक्य तुझ्या त्या शाळेतल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंस. दुपारी शाळेतून येताना पाहिलं तर पूर्ण फळा ओल्या फडक्यानं पुसलेला होता. तू म्हणालीस, “ठीक हाय. काहीच नसलं तर खोटंबी न्हाई.”

त्याचं तुला तेवढं लागलं नव्हतं. लागलं ते पुढच्या आठवड्यात. मोर्चावाल्यांचं पत्रक आलं, परतूरला छापलेलं, गुलाबी कागदावर. त्यात होतं, ‘गावातील ज्येष्ठ शिक्षिकाही म्हणतात, जी जाईल तिला मी अडवणार नाही!’ पुढे उद्गारचिन्ह. तू तर उद्गारचिन्हाची कंजूष, आमच्या निबंधातली खोडून टाकायचीस.

रविवारी मावशी आली. पाट ओढून बसली. तू भाकरी थापत नव्हतीस. तू पत्रक तिच्यासमोर ठेवलंस.

“हे लिहिलं तेव्हा तू तिथं होतीस?”

“होते.”

“वाचलं होतंस?”

“वाचलं.”

“मंग?”

मावशीनं पत्रक उलटं करून ठेवलं. “तुझं पूर्ण वाक्य छापलं असतं तर बाया आल्या नसत्या,” ती म्हणाली. “म्हणल्या असत्या, बाई सोता जाणार न्हाईत तर आम्ही कशाला जाऊ. आमच्यासाठी हे लई मोठं काम हाय. तुला न्हाई कळायचं. तुला उंबऱ्याबाहेर उभं राहायचं तर तू देवाच्या दारात तरी उभी राहतीस. माझ्या आजीला तर देवळाची पायरीसुदिक न्हाई चढू दिली.”

“ते मला कळतं,” तू म्हणालीस. “तुझं काम खोटं हाय असं मी म्हणलेच न्हाई. पण त्यांनी फळ्यावर मला कापलं ते परके म्हणून सोडून दिलं. तू माझ्या चुलीपाशी बसतीस.”

मावशी उठली. कांदा तसाच राहिला, अर्धा चिरलेला. त्यानंतर किती तरी रविवार ती आली नाही. शाळेत तुम्ही दोघी हजेरीचा मस्टर एकमेकींकडे न बघता सरकवायचात. मला आणि धाकट्याला रविवारची सकाळ इतकी सुनी वाटायची की आम्ही उगाच आपसांत भांडायचो.

दिवाळीनंतर त्या बायका खरंच गेल्या. एका सोमवारी सकाळी, थोड्याच होत्या, मावशी पुढे. तू तुझ्या रोजच्या वेळी दर्शनाला गेली होतीस, सभामंडपात उभी होतीस, हातात बेलाची पानं. मी नंतर ऐकलं की त्या आल्या तेव्हा तू गाभाऱ्याच्या दारातून बाजूला सरकलीस. एवढंच. त्या आत गेल्या, नमस्कार केला, बाहेर आल्या. कुणी ओरडलं नाही की धरलं नाही. संध्याकाळपर्यंत मात्र गावभर झालं की मावशी चपला घालून आत गेली. दुसऱ्या दिवशी चपलांना चिखल होता. तिसऱ्या दिवशी ती पिंडीवर पाय ठेवून उभी राहिली होती. तालुक्याहून पोलीस येऊन विचारून गेले. मावशीच्या भावाच्या मोसंबीच्या बागेतलं पाण्याचं इंजिन कुणी तरी फोडलं.

तेव्हा अध्यक्ष आपल्या घरी आले. बाबा नव्हते. मी त्यांना पाणी दिलं आणि आतल्या दाराशी उभी राहिले.

“बाई, तुम्ही तिथं होतात.”

“होते.”

“मंग चपला बघितल्याच असतील.”

“बघितल्या. पायरीपाशी काढल्या तिनं. माझ्या चपलांशेजारीच होत्या.”

अध्यक्षांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “हे बघा, मी तुम्हाला खोटं बोला म्हणून राह्यलो न्हाई. तुमच्यासारख्यांना मी तसं म्हणणारच न्हाई. तुम्ही फक्त गप राहा. बिलकुल गप. बाकीचं आम्ही बघतो. मोठे सर पुढच्या महिन्यात चालले, ते तुम्हाला माहीत हाय.”

“तुम्ही लोकांना सांगणार की बाई तिथं होत्या आणि काही बोलल्या न्हाईत. मंग माझं गप राहणं म्हणजे बोलणंच झालं की.”

“बाई, तुम्ही आमच्या आहात.”

“तुमचीच हाये,” तू म्हणालीस. “म्हणूनच तर. आपल्या देवळासाठी कुणी खोटं बोललेलं मला चालायचं न्हाई.”

आणि पुढच्याच सोमवारी आरती झाल्यावर, लोक प्रसादाला थांबलेले असताना, तू सभामंडपात उभं राहून सांगितलंस. ओरडून नाही, वर्गात धडा समजावून सांगायचीस तशी. “मी आत गेले न्हाई आणि जाणार न्हाई. ज्या गेल्या त्या मला आवडल्या असंही न्हाई. पण कुणाच्याच पायात चपला नव्हत्या. मी होते, मी बघितलं.” मी तुझ्या मागे उभी होते. पुजाऱ्यानं माझ्या हातावर प्रसाद ठेवला, तुझ्या हातावर ठेवायला जरा वेळ लावला.

पोलीस पुन्हा आले नाहीत. मोठ्या सरांची जागा तुझ्याहून किती तरी नंतर लागलेल्या एका सरांना मिळाली. त्या संक्रांतीला हळदीकुंकवाला आपल्या घरी फार थोड्या बायका आल्या. ज्या दिवशी त्या जागेची बातमी आली त्या संध्याकाळी तू दार उघडं ठेवून उजेडात दोडके चिरत बसलीस, नेहमीपेक्षा बारीक. मी विचारलं, “तुला वाईट वाटत नाही?” तू म्हणालीस, “वाटतं ना. लई वाटतं.” मी म्हणाले, “पण मावशीसाठी केलंस ना.” तू एकदम चिडलीस. “मावशीसाठी? तिच्यावर मी अजून रागावलेली हाये.”

मावशी आली ती संक्रांत उलटून गेल्यावर, एका रविवारी. पाठीवर मोसंबीचं पोतं, धापा टाकत. पोतं दारात टेकवलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “परतूरच्या बैठकीत सांगून आले. पत्रक कापलेलं होतं. मी तिथं बसले होते. तुझं पूर्ण वाक्य काय होतं तेबी सांगितलं.”

“मंग? काय म्हणले?”

“म्हणले, बाई, तुम्ही त्यांची ताकद वाढवून राह्यल्यात. एक जण म्हणला, तुम्हाला तिकडून काही मिळालं का.”

तू हात पदराला पुसलेस. मग विचारलंस, “किती जण होते बैठकीत?”

“होते खोलीभर.”

“आन पत्रक?”

मावशीनं मान खाली घातली. पत्रक तालुकाभर गेलं होतं.

“मंग अजून सांगायचं लई राह्यलं,” तू म्हणालीस, आणि पायानं पाट तिच्याकडे सरकवलास. ती बसली. मोसंबी सोलता सोलता अर्ध्या तासात तुम्ही पुन्हा भांडत होता, या वेळी श्रावणातल्या उपासांवरून. मी आणि धाकटा दारात बसून फोडी खात होतो आणि एकमेकांकडे बघून हसत होतो. त्या रविवारच्याइतकं गोड मोसंबं मी नंतर जालन्यात राहूनसुद्धा खाल्लेलं नाही.

तर आई, धाकटा ग्रुप सोडून गेल्यावर मी मावशीकडे गेले. ती आता नवीन जालन्यात तिच्या मुलाकडे असते, नदीच्या पलीकडे. डोळ्यांवर जाड भिंग, कानाला यंत्र, पण पाठ अजून ताठ. मी मोबाइलवर दोन्ही फोटो दाखवले, धाकट्याचा आणि माझा. तिनं मोबाइल नाकाला लावून वाचलं.

“हे दोन्ही तिनंच म्हणलेलं हाय.”

“ते मला माहीत आहे. पण मावशी, आज आई असती तर कुणाच्या बाजूनं असती? तुम्ही सांगा. तुमचं सगळे ऐकतील.”

ती मोठ्यानं हसली. “मी तिच्या दुसऱ्या पार्टीची. माझी साक्ष कशी चालंल?” मग हसू आवरून म्हणाली, “तू आईची आठवण घेऊन न्हाई आलीस गं. तू वकील बघायला आलीस. भाऊ कुठं ऱ्हातो?”

“इथंच. जुन्या जालन्यात.”

“मंग माझ्याकडं काय करून राह्यलीस? जल्दी जा. जेवायच्या टायमाला माणूस घरी सापडतो.”

मी रिक्षानं गेले. वाटेत मनात त्याच्याशी भांडायची तयारी चालूच होती. गेल्या काही वर्षांत मला हे फार चांगलं जमायला लागलंय, आई. त्याच्या बाजूचं खोटं मी एका ओळीत ओळखते. जुना व्हिडिओ, दुसऱ्याच राज्यातला, आवाज वरून जोडलेला, मला लगेच कळतं. माझ्या बाजूचं तसंच काही आलं की मी ते नुसतं वाचते आणि पुढे पाठवते. मध्ये एकदा असं पाठवलेलं खोटं निघालं, तर मी गुपचूप पुसून टाकलं. टीव्हीवर दोन्हीकडचे लोक रोज बसतात आणि एकमेकांची वाक्यं कापतात. आता सरळ खोटं बोलायची गरजच राहिलेली नाही, कात्री पुरते.

धाकट्यानं बनियनवरच दार उघडलं. मग म्हणाला, “ये. जेवायलाच बसत होतो.” वहिनीनं ताट वाढलं. दोन घास झाल्यावर मी म्हणाले, “तू अर्धंच का टाकलंस?”

मला वाटलं तो चिडेल. तो भाताकडे बघत म्हणाला, “ताई, खरं सांगू? मला तेवढंच आठवतं. त्या वेळी मावशीवरून वर्गात पोरं मला चिडवायची. तुझी आई मोर्च्यात जाणार, देव बाटवणार. मी मांडवात बसलो होतो ते धडधडत्या छातीनं. ‘मी गाभाऱ्यात जाणार नाही’ असं आई म्हणाली आणि मला इतकं सुटल्यासारखं झालं की पुढचं मी ऐकलंच नाही.”

मी हातातला घास खाली ठेवला. कारण मलाही माझं आठवलं. मी दहावीत होते आणि मला आत जायचं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. ‘जी जाईल तिला’ असं तू म्हणालीस तेव्हा मला वाटलं तू माझ्याकडे बघून बोललीस. त्याच्या आधीचं माझ्या कानावर पडलं, पण मनात राहिलं ते एवढंच.

मी हे त्याला सांगितलं. तो चकित झाला. “मग गेलीस का?”

“नाही. उंबऱ्यापर्यंत गेले होते एकदा. आत पाय टाकवला नाही.”

“म्हणजे माझ्याच बाजूची निघालीस,” तो म्हणाला आणि हसला. मीही हसले, आणि म्हणाले की अजिबात नाही. मग आम्ही निवडणुकीवरून असे भांडलो की वहिनीनं येऊन खिडकी लावली. मला त्याचं काही पटलं नाही. त्याला माझं काही पटलं नाही. पण एका मुद्द्यावर तो थांबून म्हणाला, “हे बराबर आहे तुझं,” आणि मला पुढचं काही सुचेना. अगदी तुझ्यासारखं झालं माझं.

निघताना त्याला मी पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं. त्यानं तुझा फोटो टाकला आणि खाली पूर्ण वाक्य लिहिलं, दोन्ही अर्ध्यांसह, उद्गारचिन्हाशिवाय. आम्ही दोघं त्याच्या दारात मोबाइलकडे बघत उभे राहिलो. कुणाचा अंगठा आला नाही. जोडलेले हात आले नाहीत, बदाम आले नाहीत. बऱ्याच वेळानं मामांनी उद्याचं पंचांग टाकलं.

हे पत्र मी बँकेच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिते आहे. टपालात टाकायला पत्ता नाही. धाकट्याला वाचायला द्यावं असं मध्येच वाटलं, पण तो म्हणेल की यात माझी बाजू तू कमी लिहिलीस, आणि कदाचित त्याचं खरं असेल. म्हणून कपाटात ठेवते. एक मात्र सांगून टाकते. मावशीनं मला एवढं ऐकवलं, धाकट्याचं ऐकून मी घास खाली ठेवला, हे सगळं मी आता माझ्याच हातानं लिहून काढलं, आणि तरीसुद्धा, आई, आत कुठं तरी मला पक्कं वाटतं की आज तू असतीस तर माझ्याच बाजूनं असतीस.